तारेच्या टोकाचं टोपण

लातूर
१८ ऑगस्ट २०२५

ती. दाजी,

नमस्कार. तुमच्या कानांमुळे फोन करता येत नाही आणि तुमच्या हट्टामुळे मोबाइल देता येत नाही, म्हणून आज पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, स्पीड पोस्टनं का साधं?" म्हटलं, साधंच दे बाई. इतकी वर्षं अडून बसलेल्या गोष्टीला आता घाई ती काय करायची!

पियुषचं लग्न ठरलं. मुलगी जिंतूरची आहे, वैष्णवी. हैदराबादला त्याच्याच कंपनीत आहे. माणसं साधी, वडील शाळेत क्लार्क आहेत. लग्न मार्गशीर्षात, इथंच लातूरला.

हे तुम्हाला त्यानं कळवायला हवं होतं. त्यानं कळवलं नाही म्हणून मी कळवते आहे. आता पुढचं नीट वाचा. पत्रिकेचा मजकूर द्यायचा आहे आणि पियुष म्हणतो, "स्व. विमल यांचे चिरंजीव" एवढंच छापा, वडिलांचं नाव नको. मी त्याला चांगलंच झापलं. जिवंत बापाला पत्रिकेतून काढतात का? त्यावर तो म्हणाला, "मावशी, त्यांनी मला एकदा खरं काय झालं ते सांगावं. का केलं ते सांगावं. मग मी स्वतः पालमला जातो, पाया पडतो आणि त्यांना घेऊन येतो."

दाजी, मुलगा दारात उभा आहे असं समजा. तुम्ही फक्त कडी काढायची आहे.

मला माहीत आहे ते जगाला माहीत आहे तेवढंच. तुम्ही साखर कारखान्यात संगणक विभाग सांभाळत होता. ऑफिसपासून उसाच्या वजनकाट्यापर्यंत तुम्ही तार टाकली होती. त्या वर्षी हंगाम सुरू होतानाच ती बंद पडली. काटा थांबला, गाड्या तुंबल्या आणि त्या गर्दीत महारुद्र नावाचा गाडीवान चिरडून मेला. चौकशीत तुम्ही लिहून दिलं की खंडेनवमीच्या दुपारी तारेच्या टोकाचं टोपण मी साफ करायला काढलं आणि नीट बसवायचं विसरलो. नोकरी गेली. लोक म्हणाले, प्यालेला होता. ताईनंही तेच धरलं. महारुद्रच्या बायकोला, चतुराबाईला, ती दर दिवाळीला लुगडं घेऊन जायची. मी एकदा अडवलं तर म्हणाली, "माझ्या मानसाच्या हातून झालंय गं. न्हाई गेले तर घास उतरत न्हाई." तुमच्याशी ती कामापुरतं बोलायची आणि शेवटी शेवटी तेही नाही. पियुष हे बघत मोठा झाला. ताई गेल्यावर मी त्याला इकडं आणला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याच्याकडं आईची म्हणून एवढीच आठवण आहे.

मी तुम्हाला ओळखते. तुम्ही घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस. विसरलात हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. काय झालं होतं ते लिहा.

तुमची
राजेश्री


पालम
२७ ऑगस्ट २०२५

चि. सौ. राजेश्री,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. पोस्टमननं गाडी न थांबवताच पाकीट फेकलं, ते मोगऱ्याच्या वाफ्यात पडलं. चिखल झटकून तिथंच वाचलं. ह्या रोपवाटिकेत मला येऊन आता बरीच वर्षं झाली. रोपं काही विचारत नाहीत, आणि ऐकू येत नसल्याचा त्यांना त्रासही होत नाही.

लग्न ठरलं, फार बरं वाटलं. वैष्णवी, नाव छान आहे. पत्रिकेत माझं नाव घालू नका. जागा वाचेल, गणपती जरा मोठा छापा.

का केलं, याचं उत्तर मी त्याच वेळी लिहून दिलं आहे. विसरलो. कुलूप ओढून बघणारा माणूससुद्धा एखाद्या दिवशी विसरतो. आणि प्यालेला होतो म्हणणाऱ्यांना म्हणू दे. मी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही हे तुझ्या नवऱ्याला ठाऊक आहे. आमच्या लग्नातही तो माझ्यासाठी सरबत शोधत फिरला होता.

तारेचं तू लिहिलंस आणि मला ती दिसायला लागली. करंगळीपेक्षा बारीक, काळी. मधोमध तांब्याची एक तार, तिच्याभोवती पांढरं आवरण, त्यावर बारीक जाळी आणि वरून काळी साल. कोॲक्सिअल म्हणायचे. आता कुणी वापरत नाही. ऑफिस, भांडार, शेतकी विभाग आणि टोकाला काटा, अशी सगळीकडून ती मी माझ्या हातानं ओढली होती. प्रत्येक यंत्रामागं एक जोड, तो सोलून, दाबून, ओढून बघायचा. जिल्ह्यात तेव्हा असं काम कुठं नव्हतं. काट्यावर बैलगाडी चढली की ऑफिसातल्या पडद्यावर वजन उमटायचं, तेव्हा शेतकरी दारात उभं राहून बघायचे. एक म्हातारा म्हणाला होता, "सायेब, ह्यो तर लय इमानदार गडी दिसायलाय." मला त्या दिवशी घरी जाऊन जेवण सुचलं नव्हतं, इतका आनंद झाला होता.

शेवटचा चांगला दिवस म्हणजे त्या वर्षीची खंडेनवमी. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी बॉयलरच्या पूजेला होतो. पाहुणे येत होते, नारळ फुटत होते, मला हलायला सवड नव्हती. घामानं सदरा ओला झाला होता आणि तरी मजा वाटत होती. त्यानंतर मजा वाटली नाही.

असो. पियुषला म्हणावं, बाप विसराळू निघाला, एवढंच. मनावर घेऊ नको.

आदिनाथ


लातूर
५ सप्टेंबर २०२५

ती. दाजी,

आज शिक्षक दिन. जुने विद्यार्थी फुलं देऊन गेले आणि मी मात्र दिवसभर तुमचं पत्र घेऊन बसले आहे.

मी आयुष्यभर गणित शिकवलं आहे. मुलं खोटं लिहितात ते उत्तरात सापडत नाही, मधल्या पायरीत सापडतं. तुम्ही चौकशीत लिहून दिलं की खंडेनवमीच्या दुपारी काट्याच्या खोलीत जाऊन टोपण मी साफ केलं. आणि मला लिहिता की खंडेनवमीला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तुम्ही बॉयलरपासून हललाच नाहीत. दाजी, दोन्ही खरं कसं?

म्हणजे टोपण दुसऱ्या कुणीतरी काढलं. तुम्ही त्याला वाचवलंत.

आणि मला वाटतं, तो कोण ते मला कळलं आहे. काट्यावर दत्तराव होते. चेअरमनच्या नात्यातले. त्यांचं नाव येऊ नये म्हणून तुम्हाला कुणीतरी खांद्यावर हात ठेवून सांगितलं असणार, आदिनाथराव, तुम्ही घ्या अंगावर, आम्ही बघून घेऊ. आणि तुम्ही भोळसट, घेतलंत! कुणी बघितलं मग? ताईनं लोकांचे ब्लाउज शिवून डोळे घालवले. कुणा परक्यासाठी तुम्ही माझ्या बहिणीच्या आयुष्याची माती केलीत. मला इतका संताप आला आहे की अक्षर बघा कसं झालंय.

दत्तराव अजून आहेत, सोनपेठला मुलाकडं राहतात असं कळलं. पितृपक्ष सुरू होतोय, पण मला त्याचं काही नाही. येत्या आठवड्यात मी एसटीनं सोनपेठला जाते आणि त्यांना समोर बसवून विचारते.

तुम्ही आधी सांगितलंत तर जाणार नाही.

राजेश्री


पालम
१२ सप्टेंबर २०२५

राजेश्री,

जाऊ नकोस. हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवतो आहे. दत्तरावांना काही विचारू नकोस, ते बिचारे भले माणूस आहेत आणि म्हातारपणी त्यांना सगळं आठवेल. तेच मला नको आहे.

सांगतो. पण आधी तारेचं सांगावं लागेल, नाहीतर बाकीचं कळणार नाही.

आता म्हणे प्रत्येक यंत्राला स्वतःची वेगळी तार असते. एक निघाली तर तेवढं एकच यंत्र बंद पडतं, बाकीची चालू राहतात. आमच्या वेळी तसं नव्हतं. एकच तार सगळ्यांच्या दारावरून जायची आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक टोपण. बोटाच्या पेराएवढं, चांदीसारखं चकचकीत, आत मधोमध एक बारीक सुई. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना, तसा टोपण नसलं की तारेतून गेलेला संदेश टोकावर आपटून परत फिरतो आणि मागून येणाऱ्याला धडकतो. मग एकाही यंत्राला दुसऱ्याचं काही कळत नाही. एका टोकाचं एक टोपण बिघडलं की अख्खा कारखाना मुका. आणि बिघाड कुठं आहे ते तार सांगत नाही. जोड न् जोड उघडून बघावा लागतो.

आमच्या कारखान्यात पद्धत होती, खंडेनवमीला ज्याचं यंत्र त्याच्या घरच्या सवाष्णीनं पूजा करायची. बॉयलरवाल्याची बायको बॉयलरची, सुताराची बायको रंध्याची. संगणक माझे, म्हणून विमल. दरवर्षी ती मी सोबत असताना करायची. त्या वर्षी मी बॉयलरपाशी अडकलो होतो. ती एकटीच गेली. काट्याची खोली तिला फार आवडायची. म्हणायची, हितं तुमचं काम डोळ्याला दिसतंय.

संध्याकाळी घरी आलो तर ती खुशीत होती. म्हणाली, "आवो, तुमच्या तारेच्या टोकाला ते चांदीचं टोपण हाय का न्हाई, किती कळकटलं व्हतं. काढलं, घासलं, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आन् परत फिरवून बसीवलं. झेंडूची माळ बी घातली." मी हसलो. तार चालू होती. दुसऱ्या दिवशी दसरा, तेव्हाही चालू होती. कुंकू ओलं होतं तोवर चालली.

मग हंगाम सुरू झाला आणि एके सकाळी बंद. थोड्या वेळानं आपोआप चालू, पुन्हा बंद. मी वेड्यासारखा ऑफिसकडून सुरुवात केली. जोड उघड, बघ, बसव. पुढचा उघड. दोन दिवस गेले. बाहेर गाड्यांची रांग फाट्यापर्यंत गेली होती. हातानं वजन करायला गेले तर भांडणं लागली. ऊस वाळत होता, बैल उभे होते, लोक आधीच चिडलेले. तिसऱ्या दिवशी दुपारी काट्याचा पडदा अचानक उजळला. मी काही केलं नव्हतं, तो आपला आपणच उजळला. कुणीतरी ओरडलं, "काटा चालू झाला!" आणि सगळे एकदम पुढं घुसले. मागून ट्रॉली आली. महारुद्र आपल्या बैलांना धरून काट्याच्या भिंतीजवळ उभा होता.

त्याला उचलून नेल्यावर मी खोलीत गेलो. शेवटचं टोपण तेवढं बघायचं राहिलं होतं. ते वरून इतकं नीट बसलेलं होतं, माळेखाली, की मला शंकाच आली नव्हती. फिरवून काढलं. आत कुंकवाची वाळून झालेली ढेप, अक्षतेचा एक दाणा आणि त्याला अडून वाकलेली सुई. कधी टेकायची, कधी नाही. मी ते तिथंच सदऱ्याच्या टोकानं पुसलं, सुई सरळ केली, बसवलं. सगळी यंत्रं चालू झाली.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. टोपण खराब कसं झालं म्हणून विचारलं. दत्तराव सरळ मनानं म्हणाले, "खंडेनवमीला पूजा झाली हुती बगा तिथं. पूजेला आल्त्या त्या..." बाहेर गेटवर महारुद्रचे भाऊबंद काठ्या घेऊन उभे होते. दत्तरावांच्या तोंडून नाव निघायच्या आत मी म्हणालो, पूजेनंतर त्याच दुपारी टोपण मी काढलं होतं. साफ करायला. बसवायचं विसरलो. लिहून घ्या.

बस. एवढंच आहे.

विमलला त्याच संध्याकाळी सांगणार होतो. घरी आलो तर ती चतुराबाईकडं जाऊन आली होती आणि भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "तिची पोरगी मला इचारायली, आमच्या बापाला कुनी मारलं. म्या काय सांगावं तिला? तुमचं नाव घिऊ?" त्यानंतर मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो, राजेश्री? तिला साधी मुंगी मारवत नव्हती. ती माझ्यावर रागावून जगू शकत होती, स्वतःवर रागावून जगली नसती, हे मला त्या क्षणी कळलं आणि अजूनही तसंच वाटतं.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. फार वाटलं. लातूरच्या दवाखान्यात तिच्या शेवटच्या दिवशी मी हात पुढं केला होता. तू पाणी आणायला गेली होतीस. तिनं तोंड भिंतीकडं केलं. तेव्हासुद्धा जिभेवर आलं होतं, आणि गिळलं.

आता तू गीळ. पियुषला आई एकच आहे. बाप नाही तर नाही.

आदिनाथ


लातूर
४ ऑक्टोबर २०२५

ती. दाजी,

इतके दिवस पत्र लिहिलं नाही कारण लिहिता येत नव्हतं. परवाच्या खंडेनवमीला यांनी गाडी धुऊन आणली, मिक्सर पुसून ठेवला आणि मला हाक मारली. मी कुंकवाचा करंडा उघडला आणि तिथंच खाली बसले. यांना वाटलं, चक्कर आली.

दत्तरावांबद्दल वाटेल ते लिहिलं, तुम्हाला भोळसट म्हटलं. तुमच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटतं. आणि ताईचा रागही येतो, मग तो राग आल्याची लाज वाटते. तिनं काय केलं, तुमच्या कामावर प्रेम केलं, एवढंच ना? ती त्या चतुराबाईला लुगडं द्यायला जायची तेव्हा मी तिच्यासोबत जायची. मी बाहेर बसून तुम्हाला शिव्या द्यायची.

आता तुम्ही रागवाल असं सांगते. मी गिळलं नाही.

मी पियुषला फोन केला. मला राहवलं नाही. ताई गेली, तिला आता कुणी काठी मारणार नाही. तुम्ही जिवंत आहात, कुणाच्या तरी वाफ्यात पाणी घालताय, आणि पोरगा तुमचं नाव खोडायला निघाला आहे. हे मला बघवणार नाही. मी त्याला पूजेचं सांगितलं, कुंकवाचं सांगितलं, तुम्ही का कबूल केलंत ते सांगितलं. तारेचं ते विहिरीसारखं मला काही नीट सांगता आलं नाही, ते तुमचं शास्त्र, मी आपलं टोपण खराब झालं एवढं म्हटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग, "बरं मावशी," म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याचा आवाज भरून आला होता, दाजी. मी त्याला लहानाचा मोठा केला आहे, मला कळतं. दिवाळीच्या सुट्टीत तो पालमला येईल. बघाच तुम्ही. पत्रिका अजून छापायला दिलेली नाही, तुमच्या नावाची ओळ मोकळी ठेवली आहे.

मला क्षमा करा.

राजेश्री


पालम
११ ऑक्टोबर २०२५

राजेश्री,

तू फार वाईट केलंस. मी इतकी वर्षं जे धरून ठेवलं ते तू एका फोनवर सोडून दिलंस. दोन दिवस मी जेवलो नाही, इतका रागावलो होतो. अजूनही रागावलेलो आहे हे ध्यानात ठेव.

पण खोटं कशाला लिहू, आशा लागली आहे. या पावसानं खोलीची भिंत खालून फुगली होती, तिला चुना मारून घेतला. त्याला बाज चालेल का? त्याच्या उंचीचं मला काही ठाऊक नाही. मालक परमेश्वरराव म्हणाले, "काका, पावनं येयलेत का?" मला ओठांवरून कळलं. म्हटलं, पोरगा येतोय. असं वाक्य मी फार वर्षांनी बोललो आणि बोलताना आपला आवाज केवढा मोठा निघाला कुणास ठाऊक, वाफ्यातल्या बायका वळून बघायला लागल्या.

तो लहानपणी गुळाची पोळी खायचा. आता खातो का, ते कळव.

आदिनाथ


हैदराबाद
२८ ऑक्टोबर २०२५

श्री. आदिनाथ यांस,

तुम्ही फोन वापरत नाही म्हणून हे हातानं लिहितो आहे. मराठी लिहायची सवय गेली आहे, चुका असतील.

मावशीनं सांगितलं ते ऐकल्यापासून मला झोप नाही. तिला वाटतं मी विरघळलो. मी तेव्हा काही बोललो नाही कारण बोललो असतो तर तिला लागलं असतं. ती भोळी आहे, तिला तुम्ही काहीही सांगू शकता. मला नाही सांगू शकत, कारण मी रोज हेच काम करतो. शेकडो यंत्रांचं जाळं माझ्या हाताखाली आहे. एक तार काढली तर एक यंत्र बंद पडतं. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. काट्याच्या खोलीतल्या एका टोपणात कुंकू गेलं म्हणून अख्ख्या कारखान्याचे संगणक बंद पडले, हे तुम्ही गणिताच्या बाईला पटवलंत. सगळंच बंद पडायला सगळेच जोड कुणीतरी उचकटलेले असावे लागतात. लोक म्हणायचे ते बरोबर होतं. तुम्ही प्यालेले होता आणि हात लावू नये तिथं हात लावलात.

इथपर्यंत मी माफही केलं असतं. मी तुम्हाला फक्त खरं सांगा म्हणालो होतो. तुम्ही ते मेलेल्या बाईवर ढकललंत. माझ्या आईवर, जिला उत्तर देता येत नाही.

तुम्ही काय म्हणताय ते तुम्हाला कळतंय का? आई ज्या घरी दर दिवाळीला लुगडं घेऊन जायची, त्या घरचा माणूस तिनंच मारला? मी तिच्यासोबत गेलो आहे. ती चतुराबाईच्या पाया पडायची. हे खरं असेल तर मी आईच्या फोटोकडं बघू शकणार नाही. लग्नात तो मांडवात ठेवायचं ठरलं आहे, पाटावर, मावशीशेजारी. आई चांगली होती, एवढं एकच माझ्यापाशी आहे. तेवढ्यावर मी उभा आहे.

तरी वैष्णवी म्हणाली, एकदा त्यांना विचार. म्हणून विचारतो. एक टोपण बिघडल्यावर सगळं जाळं कसं बंद पडेल, हे तुम्ही मला समजावून लिहा. एका ओळीत लिहा, मला पुरेल, मला हे काम कळतं. पटलं तर मी येईन, तुमची माफी मागेन आणि आईचं काय ते माझं मी बघून घेईन. नसेल लिहिता येत तर लग्नाला येऊ नका आणि मावशीला पुन्हा काही लिहू नका.

पियुष


पालम
४ नोव्हेंबर २०२५

चि. पियुष,

आशीर्वाद. तुझं अक्षर सुंदर आहे. चुका काही नाहीत.

तू लिहिलं आहेस ते बरोबर आहे. तुला हे काम कळतं, तुझ्यापुढं मी काय सांगणार? एक टोपण बिघडल्यानं सगळं जाळं बंद पडत नाही. मी त्या दिवशी प्यालेला होतो. पूजेनंतर खोलीत गेलो, सगळे जोड मी उचकटले आणि पुन्हा बसवताना मला नीट दिसत नव्हतं. महारुद्र माझ्यामुळे गेला. चौकशीत मी कमी सांगितलं होतं, तुला पूर्ण सांगतो आहे.

कुंकवाचं आणि अक्षतेचं मी रचलं. म्हातारपणी एकटं वाटतं, पत्रिकेत नाव हवंसं वाटतं, माणूस काहीही रचतो. तुझ्या मावशीचा त्यात दोष नाही. तिनं विश्वास ठेवला. तिला रागावू नकोस आणि हे पत्र तिला दाखवू नकोस, तिला वाईट वाटेल. मीही तिला आता लिहिणार नाही.

मी लग्नाला येत नाही. वैष्णवीला माझा आशीर्वाद सांग. तिनं एकदा विचार म्हटलं, तिचं मन मोठं आहे, तिला जप.

आईचा फोटो मांडवात ठेव. हार घाल आणि नीट बघ तिच्याकडं. तुझी आई फार चांगली होती. त्या दिवशी तिनं त्या तारेला हातसुद्धा लावला नव्हता.

तुझा
आदिनाथ